एमपॉक्सचा पेशंट घरात असेल तर कुठवर जपायचं? खपलीपासून वाकळेपर्यंत सगळं

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बरीच वर्षं झाली, पण अंगावर काही उठलं की लोकांचा पहिला प्रश्न औषधाचा कधीच नसतो बघा, "किती दिवस?" हाच असतो. किती दिवसांनी कामाला जाऊ, पोराला शाळेत कधी पाठवू, गावची जत्रा आलीय तोवर होईल का. कांजिण्या असोत, गोवर असो, नागीण असो, प्रश्न तोच. आता एमपॉक्सबद्दल पण तेच विचारायला लागलेत, त्यातही ज्यांचं कोणतरी दुबईला नाहीतर मस्कतला कामाला आहे ते जास्त. परवाच एक काका म्हणाले, "अहो, चौदा दिवस की एकवीस दिवस, एक काय ते सांगा." मी म्हटलं, काका, एक आकडा सांगितला तर तो चुकीचाच सांगितल्यासारखं होईल, कारण हा विषाणू अंगातून एकाच दिवशी सगळीकडून जात नाही. रक्तातून आधी जातो, घशातून नंतर, आणि कातडीवरून सगळ्यात शेवटी. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं, जरा लांबलंय, पण घरात पेशंट असताना टप्प्याटप्प्यानं काय करायचं ते सगळं यात आहे.

थोडी पार्श्वभूमी. एमपॉक्स म्हणजे आधी ज्याला मंकीपॉक्स म्हणायचे तोच, जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये नाव बदललं. देवीच्या रोगाचा हा भाऊबंद. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा आणि जगातून देवी गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, त्यामुळं लस टोचणंही बंद झालं. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर जो गोल वण दिसतो तो त्याच लसीचा, आणि त्या लसीचा काही अंशी उपयोग एमपॉक्सवरही होतो, पण म्हणून आजीला पेशंटच्या सेवेला बसवायचं असा अर्थ काढू नका. भारतात पहिली केस जुलै २०२२ मध्ये केरळात सापडली, आखाती देशातून आलेला माणूस होता. सप्टेंबर २०२४ मध्ये क्लेड १बी म्हणून जो नवा प्रकार गाजला तोही आधी केरळातच सापडला. आपल्या कर्नाटकात जानेवारी २०२५ मध्ये दुबईहून मंगळुरूला उतरलेल्या एका प्रवाशाला झाल्याचं पुण्याच्या एनआयव्हीनं (विषाणू तपासणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा) पक्कं केलं. बेळगावातून गोव्याला, मुंबईला, तिथून आखातात लोकांची ये-जा चालूच असते, म्हणून घाबरायचं नाही पण माहिती असलेली बरी.

पायरी १: पहिला दिवस कुठला ते पक्कं करा

सगळी मोजणी यावर चालते, म्हणून हे आधी. कालनिर्णयावर नाहीतर वहीत लिहा: ताप कधी आला, पहिली पुळी कधी दिसली, गाठी (जांघेत, मानेला, काखेत) कधी सुजल्या. लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला ३ ते २१ दिवस लागतात. साधारण असं होतं की ताप, डोकं, अंग दुखणं, गाठी, आणि मग एक ते तीन दिवसात पुरळ. पण २०२२ नंतरच्या बऱ्याच पेशंटमध्ये ताप आलाच नाही, नाहीतर नंतर आला, आणि फोडही चारपाचच, तेही लघवीच्या जागी किंवा शौचाच्या जागी. लाजेनं लोक तीच गोष्ट सांगत नाहीत आणि तिथंच सगळं अडतं.

फोडाचे टप्पे ओळखा, कारण पुढं हेच कामाला येतं. आधी सपाट डाग, मग टणक पुळी, मग पाण्याचा फोड, मग पांढरट पिवळा घट्ट भरलेला फोड (बऱ्याचदा मधे खळगा असलेला), मग खपली, मग खपली पडून खाली गुलाबी नवी कातडी. एका फोडाला हा सगळा प्रवास करायला दोन ते चार आठवडे लागतात. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला फार उपयोगी पडतात. पण ते फोटो घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका हो, एकदा फिरायला लागले की थांबत नाहीत.

हिकडं आपल्याकडं अंगावर फोड उठले की "अम्मा आली", "बाई आल्या" म्हणून दवाखान्याला न जाता घरीच ठेवायची पद्धत अजून आहे. यातलं पेशंटला वेगळं ठेवायचं, बाहेरच्याला घरात घ्यायचं नाही, हे खरंच चांगलं आहे, आपल्या म्हाताऱ्या माणसांना विषाणू माहिती नव्हता पण वागणं बरोबर होतं. पण कडुलिंबाच्या डहाळीनं फोडांवरून झाडणं, त्यावर हळद-भस्म चोळणं हे करू नका, फोड फुटतो आणि आतलं सगळं बाहेर येतं.

अजून एक हिकडचंच सांगतो. म्हशी ज्यांच्या घरात आहेत त्यांच्या हाताला धार काढताना फोड येतात, म्हशीच्या सडावरही असतात. तो म्हशीच्या देवीचा विषाणू, हा पण याच घराण्यातला पण वेगळा. पश्चिम महाराष्ट्रात २००९ मध्ये माणसं आणि म्हशी दोघांनाही झाला होता. म्हणून डॉक्टरला सांगताना परदेश प्रवास, कोणाशी जवळचा संबंध, आणि गोठ्यातलं जनावर आजारी आहे का, हे तिन्ही सांगा, नाहीतर उगाच एकाचं दुसरं व्हायचं.

पायरी २: तपासणी कुठली आणि कुठून

संशय आला की १०४ ला फोन लावा (आरोग्य सहायवाणी), नाहीतर जवळच्या पीएचसीला, किंवा बेळगावात असाल तर सरकारी जिल्हा हॉस्पिटलला, पण जायच्या आधी फोनवर सांगून जा म्हणजे ते तुम्हाला ओपीडीच्या रांगेत तासभर बसवणार नाहीत. फोड कपड्यानं झाकून, मास्क लावून जा. बसनं नको, शक्यतो स्वतःच्या गाडीनं.

नमुना फोडाचाच घ्यायला सांगा. फोडावरून घासून घेतलेला स्वॅब, फोडातलं पाणी किंवा खपली. २०२२ मध्ये स्पेनमधल्या १८१ पेशंटच्या अभ्यासात फोडातल्या आणि घशातल्या विषाणूचं प्रमाण पाहिलं, तर फोडात कितीतरी शेकडो पट जास्त निघालं. रक्ताची तपासणी करून निगेटिव्ह आली म्हणून कोणी सुटलो असं समजत असेल तर ते चूक आहे, रक्तात हा विषाणू सुरुवातीचे थोडेच दिवस असतो. आमच्याकडं लोकांना रक्त तपासलं की सगळं कळतं असं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पायरी ३: कुठल्या जागी किती दिवस, हे समजून घ्या

हा भाग जरा नीट वाचा, सगळ्या लेखाचा जीव यात आहे.

स्पेनमध्येच २०२२ च्या उन्हाळ्यात ७७ पेशंट घेऊन एक अभ्यास झाला, त्यांनी पेशंटकडून पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागचे नमुने घेतले आणि त्रास सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी विषाणूचा अंश दिसायचा बंद होतो ते मोजलं. निम्म्या लोकांमध्ये कातडीवरच्या फोडातून जायला २५ दिवस लागले. घशातून १६ दिवस, गुदद्वारातून १६ दिवस, वीर्यातून १३ दिवस, आणि रक्तातून फक्त १ दिवस. हे झालं निम्म्यांचं. पण आपल्याला घर सांभाळायचं असेल तर निम्म्यावर विसंबून चालत नाही, उशिरा सुटणाऱ्यांचं बघावं लागतं. दहातल्या नऊ जणांची सुटका व्हायला कातडीतून ४१ दिवस लागले, घशातून ३२, वीर्यातून ३९, रक्तातून ५.

आता कळलं का, काकांना एक आकडा का सांगता आला नाही. कोणी २१ दिवसात मोकळा होईल आणि कोणी ४१ व्या दिवशीही खपली घेऊन बसलेला असेल, आणि दोघंही नॉर्मलच.

पण इथं एक मोठी गोम आहे. पीसीआरमध्ये विषाणूचा अंश सापडणं आणि त्या विषाणूनं दुसऱ्याला लागण होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीसीआर मशीन विषाणूच्या डीएनएचे तुकडे शोधतं, तो जिवंत आहे का मेलेला ते त्याला कळत नाही. ऊस तोडून नेल्यावर पण फडात पाचट पडलेलं असतं की नाही, तसं समजा. जिवंत विषाणू आहे का हे बघायला प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून बघावं लागतं आणि ते सगळीकडं होत नाही. म्हणून रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू (पीसीआर मशीनला कितव्या फेरीत विषाणूचा अंश दिसला तो आकडा) लिहिलेली असेल तर ती डॉक्टरला विचारा. आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त, हे उलटं आहे, नीट लक्षात ठेवा, २० म्हणजे भरपूर आणि ३५ म्हणजे अगदी थोडा. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नमुने वाढवून बघितले तेव्हा सीटी ३५ आणि त्याच्या वर असलेल्या नमुन्यांतून लागण व्हायची शक्यता नाहीच्या बरोबर दिसली. पण हा आकडा घेऊन स्वतःच निर्णय करू नका, स्वॅब नीट घेतला नसेल तरी आकडा मोठा येतो.

इंग्लंडमधलं अजून एक उदाहरण. २०१८ ते २०२१ या काळात तिथं ७ पेशंट होते, त्यातल्या ५ जणांना ३ आठवड्यांपेक्षा जास्त, म्हणजे २२ ते ३९ दिवस, वेगळं ठेवावं लागलं कारण पीसीआर निगेटिव्ह यायलाच तयार नव्हती, काहींच्या घशात तर फोड बरे झाल्यावरही अंश सापडत होता. एकाला घरी सोडल्यावर ६ आठवड्यांनी परत सौम्य त्रास झाला. म्हणून बरा झाल्यावरही महिना दोन महिने अंगावर लक्ष असू द्या, नवी पुळी दिसली तर "ती जुनीच असेल" म्हणून सोडू नका.

आणि लागण करायची ताकद कधीपासून असते? त्रास सुरू झाल्यापासून तर असतेच, पण काही जणांनी त्रास सुरू व्हायच्या १ ते ४ दिवस आधीही दुसऱ्याला दिल्याचं दिसलंय. म्हणून संपर्कातली माणसं आठवताना पहिल्या पुळीच्या आधीचे चार दिवस पण धरा.

पायरी ४: घरात वेगळं कसं ठेवायचं, खोली नसेल तर

पुस्तकात लिहिलेलं असतं हवेशीर स्वतंत्र खोली, संडास-बाथरूम जोडलेलं. आपल्याकडं सोपा, माजघर आणि मागं परडं, एवढ्यात सहा माणसं, त्यात एकच मोरी. मग काय करायचं तर सोप्याच्या एका कोपऱ्याला, खिडकी असलेल्या बाजूला, पेशंटची जागा करा, मधे धुता येणारा पडदा टाका. जमीन सारवलेली असेल तर तिच्यावर ब्लीच मारता येत नाही आणि पुसूनही निघत नाही, म्हणून खाली ताडपत्री नाहीतर प्लास्टिकची शीट अंथरा, ती रोज पुसता येते.

मोरी आणि संडास पेशंटनं सगळ्यात शेवटी वापरायचं, आणि वापरल्यावर नळ, कडी, बादलीचा कान, मग्गा पुसून घ्यायचं. अंघोळ करू दे, अंघोळ बंद करायची काही गरज नाही, फक्त पंचा वेगळा आणि फोड घासायचे नाहीत, टिपायचे. दाढी करायची नाही, फोड असलेल्या जागेवर वस्तरा फिरला की विषाणू दुसरीकडं पसरतो. सलूनवाल्याला घरी बोलावू नका, त्याच्या बिचाऱ्याच्या हाताला आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कशाला.

पेशंट खोलीतून बाहेर आला तर मास्क आणि अंगभर कपडे. सेवा करायला एकच माणूस ठरवा, शक्यतो ज्याला दुसरा आजार नाही, गरोदर नाही. त्यानं हातमोजे, मास्क, आणि पूर्ण बाह्यांचा एक जुना शर्ट तेवढ्यापुरता ठेवायचा. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना अजिबात जवळ नको, मुलांना आणि पोटातल्या बाळाला हा आजार जड जाऊ शकतो. कुत्रं, मांजर, गोठ्यातलं जनावर यांच्यापासूनही पेशंटनं लांब राहायचं, धार दुसऱ्यानं काढायची.

औषधाचं थोडक्यात: ताप-दुखीला पॅरासिटामॉल, पाणी भरपूर, बाकी डॉक्टर सांगेल ते. टेकोव्हिरिमॅट नावाची गोळी आहे, तिच्यावर मोठी आशा होती पण २०२४ मध्ये काँगोतल्या आणि नंतर दुसऱ्या मोठ्या चाचणीत फोड लवकर बरे होतात असं दिसलं नाही. त्यामुळं ती मिळत नाही म्हणून हळहळू नका. आणि माझ्या धंद्यातलंच सांगतो, खाज सुटली की दुकानात येऊन लोक जी तीन-चार औषधं मिक्स असलेली ट्यूब मागतात, तिच्यात स्टेरॉइड असतं. फोडावर ती लावायची नाही. मी देत नाही, कोणी दिली तरी घेऊ नका. अँटिबायोटिक पण मनानं नको, फोडात वरून दुसरं इन्फेक्शन झालं तरच डॉक्टर देतात.

डोळा लाल होऊन दुखायला लागला, गिळता येईना, श्वास लागतोय, माणूस गुंगीत जातोय, किंवा फोडाभोवती लाली पसरत पू यायला लागला तर घरात थांबायचं नाही, १०८ लावायची. डोळ्याचं तर मुळीच लांबवू नका, नजर जाऊ शकते.

पायरी ५: खपली, वाकळ आणि घरातल्या वस्तू

मला वाटतं आपल्याकडं सगळ्यात जास्त चूक इथं होणार. फोड सुकला, खपली धरली की माणसाला वाटतं बरं झालं, आणि घरातले पण सैल होतात. पण खपली म्हणजे विषाणूला मिळालेलं कवच आहे. याच्या भाऊबंदाचं, देवीच्या विषाणूचं सांगतो, नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी पेशंटच्या खपल्या साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून दिल्या होत्या, तर १३ वर्षांनीसुद्धा त्यात जिवंत विषाणू मिळाला. एमपॉक्सची खपली तेवढी वर्षं टिकेल असं मी म्हणत नाही, पण खपलीकडं कचरा म्हणून बघायचं नाही एवढं यातून घ्या.

घरातल्या वस्तूंबद्दल दोन अभ्यास आहेत आणि दोन्ही मिळून वाचले तरच चित्र पुरं होतं. अमेरिकेत डॅलसमध्ये २०२१ साली नायजेरियाहून आलेल्या एका पेशंटचं घर, तो हॉस्पिटलात गेल्यावर १५ दिवस बंद होतं, तरी तिथल्या वस्तूंवर जिवंत विषाणू मिळाला, आणि तो जास्त करून कापड, गादी असल्या शोषून घेणाऱ्या वस्तूंवर. दुसरं युटामधलं, २०२२ चं, दोन पेशंट त्याच घरात राहत होते, साफसफाई करत होते, वरचेवर हात धूत होते. तिथं ३० ठिकाणचे नमुने घेतले, २१ ठिकाणी विषाणूचा अंश सापडला, पण जिवंत विषाणू एकाही ठिकाणी नाही. म्हणजे साधं पुसणं आणि हात धुणं खरंच काम करतं.

हवामानाचा पण संबंध आहे. जर्मनीत स्टीलच्या पत्र्यावर विषाणू ठेवून बघितला, तर ३७ अंशाला साधारण आठवडाभर, २२ अंशाला दीड आठवडा आणि ४ अंशाला महिनाभरापर्यंत तो जिवंत राहिला. आता आपलं बघा, एप्रिलमध्ये अथणी-रायबागकडं पत्र्याच्या घरात उकडून जीव जातो, पण जुलैत खानापूर, कणकुंबीकडं आठ-आठ दिवस ऊन नाही, घर गार, कपडे वाळत नाहीत. पावसाळ्यात पेशंट असेल तर कपड्यांची आणि अंथरुणाची काळजी जास्त घ्यावी लागणार हे सरळ आहे.

करायचं असं:

वाकळ, गोधडी, घोंगडं पेशंटला देऊच नका. आजीनं शिवलेली सात थरांची वाकळ उबदार असते खरी, पण ती धुवून पूर्ण वाळायला पावसाळ्यात आठवडा जातो आणि थराथरात खपल्या अडकतात. त्याऐवजी जुन्या सुती चादरी दोन-तीन, एकावर एक. गादीवर प्लास्टिक घालून वर चादर. वाकळ आधीच वापरून झाली असेल तर हळूच गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि धुवायच्या वेळीच उघडा.

अंथरूण कधीच झटकायचं नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात पेशंटच्या खोलीतल्या हवेचे नमुने घेतले होते, तेव्हा चादर बदलताना घेतलेल्या नमुन्यात जिवंत विषाणू मिळाला होता. सकाळी दारात उभं राहून चादर फट्कन झटकायची आपल्या हाताची सवय आहे, तेवढी तीन-चार आठवडे मोडा. चादर आतल्या बाजूला गुंडाळत आणायची, अंगापासून लांब धरायची.

कपडे आणि चादरी कढत पाण्यात, बंबातलं पाणी चांगलं तापवून, डिटर्जंट घालून भिजवा. ६० अंशाच्या वर पाणी असलं की झालं, म्हणजे हात घालता येणार नाही इतकं, काठीनं ढवळा. मलप्रभेवर, मार्कंडेयवर नाहीतर सार्वजनिक नळावर धुवायला नेऊ नका, घरातच धुवा. बाकी घरच्यांचे कपडे आधी, पेशंटचे शेवटी. वाळत घालायला परड्यात उन्हाची जागा.

झाडू बंद, ओलं पुसणं चालू. झाडूनं खपलीचा भुगा उडतो. पडलेल्या खपल्या ओल्या टिश्यूनं नाहीतर ओल्या कापसानं उचलायच्या, पिशवीत घालून वर ब्लीचचं पाणी ओतायचं, तोंड बांधायचं, मग दुसऱ्या पिशवीत. आशाताई किंवा पीएचसीवाले येत असतील तर हा कचरा कुठं द्यायचा त्यांना विचारा, घंटागाडीत उघडा टाकू नका.

ब्लीचचं पाणी: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक वाटी ब्लीच आणि नऊ वाट्या पाणी, झालं ०.५ टक्के. गावात ब्लीचिंग पावडर मिळते, ती ताजी असेल तर लिटरला १५ ग्रॅम. रोज नवीन करा, कालचं आज चालत नाही. लावून दहा मिनिटं ठेवा, मग पुसा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मोबाईल, चष्मा, रिमोट, टीव्हीचं बटण यांना अल्कोहोलचं सॅनिटायझर कापडावर घेऊन पुसलं तरी पुरतं, या विषाणूला अल्कोहोल चालतं.

निपाणीकडच्या बायकांसाठी एक वेगळं. घरात बिडी वळायचं काम असेल आणि घरात पेशंट असेल तर पानं, तंबाखू, सूप हे सगळं पेशंटच्या जागेपासून लांब दुसऱ्या घरात हलवा, आणि वळणाऱ्या बाईला स्वतःलाच फोड आले तर तेवढे दिवस काम थांबवा. रोजगार बुडतो हे मला कळतं, पण ती पानं दहा हातांतून जातात.

पायरी ६: ज्यांना जास्त दिवस लागतात

वर सांगितलेले आकडे प्रतिकारशक्ती ठीक असणाऱ्यांचे आहेत. एचआयव्ही असून औषधं चालू नाहीत, कॅन्सरची केमो चालू आहे, किडनी बदललीय, बरेच दिवस स्टेरॉइड चालू आहे, अशा माणसात विषाणू आठवडे नाही, महिने राहू शकतो, फोड मोठे होत जातात, सडतात. एचआयव्ही असलेल्या आणि सीडी४ पेशी (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) ३५० च्या खाली असलेल्या ३८२ पेशंटचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यातले २७ दगावले, आणि ते सगळेच्या सगळे सीडी४ २०० च्या खाली असलेले होते. हे घाबरवायला सांगत नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नियमित घेणाऱ्या आणि पेशी चांगल्या असणाऱ्या माणसाला हा आजार बाकीच्यांसारखाच होऊन बरा होतो. म्हणून एमपॉक्सचं निदान झालं की एचआयव्हीची तपासणी करून घ्या, आधीच एआरटी चालू असेल तर एकही डोस चुकवू नका आणि तिथल्या डॉक्टरला लगेच कळवा.

इथंच एक बोलायचं आहे. २०२२ ची साथ जास्त करून पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांमध्ये पसरली, नंतर आफ्रिकेत नव्या प्रकारात बायका, लहान मुलं, एकाच घरातली माणसं, सगळ्यांना झाली. विषाणूला कातडीला कातडी लागलेली पुरते, कोणाची ते तो बघत नाही. घरातला माणूस कुठून आणला हे सांगत नसेल तर त्याला टोचून बोलू नका, तो लपवायला लागला की खपल्या पण लपवेल.

पायरी ७: मोकळा कधी? शेवटच्या दिवसाची तपासणी

नियम असा आहे: सगळ्या खपल्या पडल्या पाहिजेत आणि खाली पूर्ण नवी कातडी आली पाहिजे. एक जरी खपली उरली असेल तरी थांबायचं.

ही तपासणी दिवसा, खिडकीजवळ, आरशासमोर करा. डोक्यापासून सुरू करा, केसांत बोटं फिरवून बघा कारण तिथली खपली लपते. मग कानामागं, तोंडाच्या आत, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेखाली. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या. तळपायाची कातडी जाड असते, अनवाणी शेतात फिरणाऱ्याची तर अजून जाड, तिथला फोड वर येत नाही, कातडीखाली काळपट डागासारखा राहतो आणि सगळ्यात शेवटी निघतो. मग लघवीची जागा, शौचाची जागा, इथं स्वतःला दिसत नाही तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघा. नवी कातडी कोरडी आणि सलग हवी, रंग वेगळा असला तरी चालतो, काळे-पांढरे डाग महिनोन्महिने राहतात, त्यानं लागण होत नाही. ओलसर असेल, दाबल्यावर पाणी येत असेल, तर अजून नाही.

खपली ओढून काढायची नाही. कामावर जायच्या घाईत पोरं हे करतात, आणि खालची ओली जखम उघडी पडून दिवस वाढतातच वर.

मग डॉक्टरकडून लिहून घ्या. कंपनीला, शाळेला कागद लागतो, आणि आपल्याकडं तो बहुतेक कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत मिळेल, पुण्या-मुंबईत कामाला असाल तर इंग्रजीतच मागून घ्या.

तालमीतल्या पोरांना खास सांगतो. कुस्तीत अंगाला अंग घासतं, मातीत घाम, मॅटवर सगळ्यांचंच अंग लोळतं, याच्यापेक्षा जवळचा संपर्क दुसरा कुठला नाही. वस्तादांनी पेशंट पैलवानाला तारखेवर आखाड्यात घेऊ नये, लंगोटावर उभा करून सगळं अंग बघून मगच घ्यावं. मधल्या काळात त्याच्याबरोबर जोड झालेल्या पोरांना पुढच्या पायरीत सांगितलंय तसं २१ दिवस बघावं, आणि तेवढे दिवस जोड बंद, नुसता जोर-बैठकांचा सराव.

पायरी ८: संपर्कातली माणसं, आणि दोन राज्यं

पेशंटच्या फोडाला, अंथरुणाला, तोंडाजवळ तोंड असा संबंध आलेल्या प्रत्येकानं शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस स्वतःवर लक्ष ठेवायचं. समजा शेवटचा संपर्क ५ मेला, तर २६ मेपर्यंत. घरातला सेवा करणारा असेल तर त्याचा शेवटचा संपर्क म्हणजे पेशंट मोकळा झाला तो दिवस, पहिल्या दिवसापासून मोजून सुटका करून घेऊ नका. रोज ताप बघा, अंग बघा. काही त्रास नसेल तर घरात कोंडून बसायची गरज नाही, कामाला जा, पण या २१ दिवसात रक्तदान करू नका आणि बालवाडीतल्या लहान मुलाला घरीच ठेवा.

आपली अडचण अशी की नातेवाईक अर्धे बेळगावात आणि अर्धे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापुरात. पेशंट खानापूरचा, बहीण चंदगडला, लग्न कोल्हापूरला. आरोग्य खात्याचं कागदपत्र राज्याच्या हद्दीपर्यंतच नीट चालतं असं धरून चला, आणि यादी देताना तुमच्या तोंडानं सांगा की ही तीन नावं महाराष्ट्रातली आहेत, त्यांचा तालुका अमुक. आणि त्यांनाही फोन करून सांगा की तुमच्या तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन कळवा. अधिकाऱ्याशी कन्नड बोलता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा, त्यांना येतं, नुसतं नाव, गाव, तारीख आणि संपर्क कसा झाला एवढंच तर सांगायचं असतं.

पायरी ९: मोकळं झाल्यानंतरचे १२ आठवडे

घरातले कपडे, ताडपत्री, पडदे शेवटचे एकदा धुवून घ्या, खोली ओली पुसून खिडक्या उघड्या टाका. पेशंटनं जेवायला सगळ्यांबरोबर बसायला हरकत नाही, कामाला जायला हरकत नाही.

एक गोष्ट फक्त राहते, आणि ती दुकानात कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. वीर्यात विषाणूचा अंश कातडी बरी झाल्यावरही काही जणांत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना बरं झाल्यापासून १२ आठवडे निरोध वापरायला सांगते. हे बरं झाल्यापासून, म्हणजे शेवटची खपली पडून नवी कातडी आल्यापासून मोजायचं, ताप आला त्या दिवसापासून नाही. १ जूनला मोकळे झालात तर २४ ऑगस्टपर्यंत. नवरा-बायकोनं कॅलेंडरवर त्या तारखेला नुसती एक टिकली लावून ठेवा, घरात दुसऱ्या कोणाला काही कळायचं कारण नाही.